बाकावरून हात न टेकता उठता येतं का?

मी पी.टी.ची बाई. नोकरीची सगळी वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांतून कवायत, लेझीम, खो-खो, कबड्डी यातच गेली. निवृत्त होऊन परभणीत राहायला आले, पण डोळ्यांची सवय काही जात नाही. समोरचा माणूस पाऊल कसं टाकतो, वळताना अडखळतो का, खाली बसून उठताना कशाला धरतो, हे आपोआप दिसतं. साठी ओलांडलेल्या माणसात तर मी सगळ्यात आधी एकच गोष्ट बघते. खुर्चीतून किंवा बागेतल्या बाकावरून उठताना हात टेकावे लागतात का?

कारण संडासातून उठायचं असो, एसटीची पहिली उंच पायरी चढायची असो की देवळात दर्शन घेऊन जमिनीवरून उभं राहायचं असो, काम त्याच मांड्यांचं आणि त्याच कंबरेचं असतं. ते जमेनासं झालं की माणूस आधी लग्नकार्य टाळतो, मग बाजार टाळतो, मग शेजारही टाळतो. घरचे म्हणतात, 'वय झालं आता.' वय झालेलं असतंच, पण बरंचसं नुकसान बसून राहिल्यामुळे झालेलं असतं आणि त्यातलं पुष्कळ भरून निघतं. ऐंशीच्या घरातल्या माणसाचे स्नायूसुद्धा व्यायामाने बळकट होतात. हे पटवून द्यायला मला अजूनही रोज बोलावं लागतं.

या उठण्या-बसण्याला एक साधं मोजमाप आहे. टेकू असलेली, पण हात नसलेली खुर्ची भिंतीला लावायची. दोन्ही हात छातीवर फुली करून धरायचे. मग ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून किती वेळा उठता येतं ते मोजायचं. अमेरिकेच्या 'सीडीसी' या सरकारी आरोग्य संस्थेच्या तक्त्यानुसार ६५ ते ६९ वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी आणि बाईला ११ पेक्षा कमी वेळा जमलं, तर पडण्याचा धोका जास्त समजतात. ७० ते ७४ वयाला हेच आकडे १२ आणि १० आहेत. हात टेकला की गुण शून्य. अमेरिकेतले आकडे आपल्याला तंतोतंत लागू होतील असं मी म्हणत नाही, पण स्वतःचं आजचं आणि तीन महिन्यांनंतरचं ताडून बघायला ही चाचणी फार चांगली आहे.

आमच्या नगरात ओपन स्पेसवर एक छोटी बाग आहे. कडेने कडुनिंब आणि करंज, मध्ये सुकत चाललेली हिरवळ, भोवती पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक आणि एका कोपऱ्यात निळ्या-पिवळ्या रंगाची ओपन जिमची यंत्रं. सकाळी तिथे चांगली गर्दी असते. त्यात पोस्टातून निवृत्त झालेले एक अण्णा आहेत. पाऊस असो की थंडी, त्यांच्या चकरा चुकत नाहीत. मी घरून खुर्ची नेऊन ही चाचणी घेतली, तेव्हा हात न लावता त्यांना सहाच वेळा उठता आलं. बिचारे चकितच झाले.

"बाई, मी तर रोज चालायलो की. मग हे काहून?"

चालल्याने त्यांचा दम टिकला होता, साखर ताब्यात होती, झोपही चांगली लागत होती. यातलं काहीच वाया गेलेलं नव्हतं. पण सपाट ट्रॅकवर एकाच लयीत चालताना मांडीच्या स्नायूंना फार ओझं उचलावं लागत नाही. आजूबाजूला पाऊल टाकायची वेळ येत नाही. मागे सरकावं लागत नाही, एका पायावर थांबावं लागत नाही. माणूस पडतो तो मात्र नेमका अशाच वेळी: न्हाणीत वळताना, उंबरा ओलांडताना, अंगणात कुत्रं आडवं आल्यावर.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली शारीरिक हालचालींची जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात ६५ च्या पुढच्या माणसांसाठी तीन गोष्टी सांगितल्या आहेत. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची हालचाल, म्हणजे झपझप चालण्यासारखी. किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. आणि किमान तीन दिवस तोल आणि ताकद दोन्ही सांभाळणारा मिश्र व्यायाम, तो पडणं टळावं म्हणून. आपल्या गावांतल्या बागा पहिल्या गोष्टीपाशीच थांबतात. ट्रॅक होतो, दिवे लागतात, उद्घाटन होतं. पुढच्या दोन गोष्टींसाठी जागा लागते थोडीशीच. कोणीतरी समोर उभं राहून करून घेणारं माणूस मात्र लागतं, आणि ते कोणत्याच अंदाजपत्रकात नसतं. माझा सगळा आग्रह या माणसासाठी आहे. म्हाताऱ्या माणसांना नुसती बाग देऊन भागत नाही. तिथे ठरलेल्या वेळेला ठरलेलं काहीतरी घडायला हवं.

पडण्याबद्दल मी इतकं बोलते याचं कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्याच अहवालाप्रमाणे ६५ च्या पुढची २८ ते ३५ टक्के माणसं दर वर्षी एकदा तरी पडतात. सत्तरीनंतर हे प्रमाण ३२ ते ४२ टक्क्यांवर जातं. आमच्या गल्लीत खुब्याचं हाड मोडलेल्या दोन आज्या मी बघितल्या. ऑपरेशन चांगलं झालं, पण मनात भीती बसली. एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याच्या भीतीने हालचाल कमी करतो, त्याने पाय आणखी अशक्त होतात, आणि भीती खरी ठरायची वेळ येते.

आमच्या बागेत आम्ही काय करतो ते सविस्तर सांगते. कोणाला आपल्या गावात सुरू करायचं असेल तर उपयोगी पडेल.

आधी ट्रॅकवर दोन-तीन सावकाश चकरा, अंग गरम होईपर्यंत. मग कट्ट्याजवळच्या लोखंडी कठड्यापाशी सगळे एका ओळीत. कठडा धरून टाचा वर, टाचा खाली. मग चवडे वर. मग गुडघा वाकवून एक पाय थोडासा उचलायचा आणि दहा आकडे होईपर्यंत थांबायचं. सुरुवातीला दोन्ही हात कठड्यावर, काही आठवड्यांनी एक हात, मग दोन बोटं. ज्यांना जमतं ते हात सोडतात, पण कठड्यापासून वीतभरही लांब जायचं नाही, हा नियम मी कोणासाठी मोडत नाही. त्यानंतर खेकड्यासारखं आडवं चालणं, कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कंबरेच्या बाजूचे स्नायू त्याने कामाला लागतात आणि चालताना डोलणं कमी होतं. मग बाकावरून उठणं-बसणं. बसताना धप्पकन बसायचं नाही, सावकाश टेकायचं. खरी मेहनत त्या सावकाश बसण्यातच आहे.

आठवड्यातून एकदा सतरंजी अंथरून जमिनीवरून उठायचा सराव असतो. हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि लोकांना सगळ्यात नकोसा. आपली माणसं आयुष्यभर खाली बसून जेवलेली, दळलेली, निवडलेली. मग डायनिंग टेबल आलं, कमोड आला, गुडघ्यांना आराम मिळाला आणि जमिनीची सवय सुटली. पडल्यावर हाड न मोडताही तासन् तास जमिनीवर पडून राहिलेली माणसं असतात, फक्त उठता येत नाही म्हणून. सराव असा: आधी कुशीवर वळायचं. कोपर टेकून हातावर यायचं, मग चार पायांवर. रांगत एखाद्या भक्कम खुर्चीपाशी जायचं. दोन्ही हात खुर्चीवर ठेवायचे, बळकट असलेला पाय पुढे घेऊन पाऊल टेकवायचं आणि जोर लावून वर यायचं. ज्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय किंवा गुडघा टेकवतच नाही, त्यांना मी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू देत नाही. बाकीचे करतात. पहिल्यांदा जमलं तेव्हा किराणा दुकानवाले एक काका सतरंजीवर पुन्हा आडवे झाले आणि म्हणाले, "थांबा, अजून एकदा करतो."

आता बायकांचं. सुरुवातीला बागेत पुरुषच जास्त. बायका आल्या तरी दोघी-दोघी मिळून ट्रॅकच्या कडेकडेने चालायच्या आणि माझ्या ओळीत उभं राहायला लाजायच्या. व्यायाम म्हटलं की, "माय, या वयात काय शाळेतल्या पोरीवाणी हात वर करायला लावायलीस," असं उत्तर. मी पुष्कळ समजावलं. पण खरं काम झालं ते श्रावणात. पंचमी जवळ आली होती. एका मावशीने सहज गाणं धरलं, दुसरीने ओढलं आणि बघता बघता दहा-बारा जणींचा फेर झाला. मी बाजूला उभी राहून त्यांच्या पायांकडे बघत होते. आडवं पाऊल, पुढे झुकणं, मागे येणं, टाळीसरशी वळणं, भार एका पायावरून दुसऱ्यावर, आणि हे सगळं गाण्याच्या ओळी आठवत आठवत. तोल सुधारण्यासाठी मी कठड्यापाशी जे तुकड्या-तुकड्याने शिकवत होते, ते सगळं त्या फेरात होतं. वर तोंडाने गाणं आणि पायाने ठेका, म्हणजे मेंदूला दोन कामं एकाच वेळी. म्हाताऱ्या माणसाचं पडणं अनेकदा अशा वेळीच होतं, बोलता बोलता पायऱ्या उतरताना. त्याचा याहून आनंदाचा सराव मला दुसरा माहीत नाही.

तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी आमचा फेर असतो, पंचमी असो नसो. गाणी त्यांचीच. माहेरची, सासूची, भावाची, काही इतकी जुनी की एकीलाच येतात आणि बाकीच्या तिच्या मागून म्हणतात. माझं काम एवढंच, की ज्यांना गरगरतं त्यांना गिरकी घेऊ द्यायची नाही आणि चपला काढायला किंवा बदलायला लावायच्या. रबरी स्लीपर घालून फेर धरू देत नाही. मागून पट्टा असलेली सँडल नाहीतर बूट. साडीच्या निऱ्या चार बोटं वर.

पुरुषांसाठी हेच काम पावली करते. आमच्याकडे माळकरी बरेच. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परभणीवरून गंगाखेड, परळी, अंबाजोगाई असं करत पंढरपूरला जाते. त्या वाटेवर चाललेली किंवा तिला पाणी-जेवण दिलेली माणसं इथे घरोघरी सापडतील. त्यांना 'बॅलन्स एक्सरसाइज' सांगितलं तर ते ट्रॅकवर पळतात. टाळ हातात दिला आणि पावली धरा म्हटलं की दोन पावलं पुढे, एक मागे, उडी न मारता, अर्धा तास सहज. पोस्टातले अण्णा आता त्यातच असतात. उठण्या-बसण्याची चाचणी त्यांनी पुन्हा दिली आणि अकरा वेळा उठले. त्यांच्या वयाच्या मानाने एक अजून हवाय, तो ते मिळवतील.

बायका बागेत न येण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते कोणी मोठ्याने बोलत नाही. खोकलं, शिंकलं, जरा भरभर चाललं की थेंब जातात. बाळंतपणं झालेल्या, साठीच्या पुढच्या कितीतरी बायकांना हा त्रास असतो आणि त्या तो वयाचा भाग म्हणून सोसतात. बागेत शौचालय नाही, किंवा आहे पण कुलूप आहे, अशा ठिकाणी ती बाई दोन दिवस येते आणि मग गुडघे दुखतात असं सांगून घरी राहते. मी स्वतः गटात हा विषय काढला. ओटीपोटाखालचे स्नायू आवळून धरायचा आणि सोडायचा व्यायाम शिकवला, आणि बाईमाणूस डॉक्टरकडे जायला सांगितलं, कारण बऱ्याच जणींना त्याने खरंच फरक पडतो. पण व्यायामाने फरक पडेपर्यंत शौचालय लागतंच. कारंजं, सेल्फी पॉइंट, रंगीत दिवे या सगळ्यांच्या आधी स्वच्छ, पाणी असलेलं, आत धरायला दांडी असलेलं शौचालय. ते नसलेली बाग अर्ध्या म्हाताऱ्या लोकसंख्येला बंदच असते. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषांची गोष्टही वेगळी नाही.

वेळेचंही तसंच. सकाळी सहाला बाग गजबजते ती पुरुषांनी. त्याच वेळी बायका चहा, डबे, नातवाची शाळा यात गुंतलेल्या. सासू झाल्या तरी ते सुटत नाही. म्हणून आमचा बायकांचा गट सायंकाळी असतो, स्वयंपाकाला लागायच्या आधी. ही वेळ ठरवायला मी कोणालाच काही शिकवलं नाही, फक्त विचारलं. कार्यक्रम आखणारे लोक एवढं विचारत नाहीत याचं मला वाईट वाटतं.

गटाचा आणखी एक फायदा म्हणजे न आलेलं माणूस लक्षात येतं. ट्रॅकवर एकटं चालणारा माणूस आठवडाभर दिसला नाही तरी कोणाला कळत नाही. ओळीत मात्र जागा रिकामी दिसते. आमच्यात पद्धत अशी, की दोन दिवस कोणी आलं नाही तर शेजारी उभं राहणाऱ्याने फोन करायचा किंवा घरी जाऊन यायचं. बहुतेक वेळा कारण साधंच असतं, लेकीकडे गेलेली असते. कधी पायाला जखम झालेली असते आणि साखरेचं माणूस म्हणून ती बघायला हवी असते. कधी काहीच झालेलं नसतं, नुसतं उठावंसं वाटत नाही. या शेवटच्या कारणाकडे मी फार लक्ष देते. मुलं पुण्यात, जोडीदार गेलेला, घरात टीव्ही चालू. अशा माणसाला "उद्या तुमच्या गाण्याची पाळी आहे" असं सांगणारं कोणीतरी लागतं.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या आणि आपल्याला बदलता येतील अशा १४ गोष्टी सांगितल्या. हालचालीचा अभाव त्यात आहे, एकटेपण आहे, नैराश्य आहे, आणि ऐकू कमी येणंही आहे. ऐकू कमी येण्याचं वाचून मला आमच्यातले एक काका आठवले. ते नेहमी मागच्या ओळीत उभे राहायचे आणि सगळ्यांच्या नंतर हात वर करायचे. लोकांना वाटायचं, त्यांचं लक्ष नाही. एकदा मी त्यांच्या मागे जाऊन आकडे मोजले, तर ते थांबूनच राहिले. ऐकू येत नव्हतं, समोरच्याचं बघून करत होते. लोक हसतील म्हणून बोलणं सोडलेलं. आता ते पहिल्या ओळीत असतात, मी हाताने खुणा करते आणि त्यांच्या मुलाने कानाचं यंत्र आणलंय. घरातल्या घरात हे लक्षात यायला आणखी काही वर्षं गेली असती.

पावलांच्या आकड्यांबद्दलही थोडं बोलते, कारण मोबाईल आल्यापासून दहा हजारांचं भूत बसलंय. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून पसरला. २०१९ साली अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या जवळपास १७ हजार स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि साधारण ७,५०० नंतर आकडा वाढवून आणखी फायदा दिसला नाही. आमच्या एका काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहराच बदलला. दहा हजार होत नाहीत म्हणून त्यांनी बाहेर पडणंच सोडलं होतं.

हवामानाचं मात्र मी कडक धरते. परभणीची थंडी मराठवाड्यात प्रसिद्ध आहे, पहाटेचं तापमान पाच-सहा अंशांपर्यंत येतं. तरी साडेचारला उठून बागेत जाण्याचा अभिमान बाळगणारे आहेत. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, अंधारात ट्रॅकवरचा उखडलेला ब्लॉक दिसत नाही. हृदयाचा किंवा बीपीचा त्रास असलेल्याने डिसेंबर-जानेवारीत उजाडल्यावरच निघावं. कोवळ्या उन्हात 'डी' जीवनसत्त्व मिळतं म्हणून पहाटेच यायचं, हेही खरं नाही. सूर्य खाली असताना ते तयार करणारे किरण फार कमी पोहोचतात. हाडांची काळजी असेल तर डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेला की आम्ही सकाळी लवकर उरकतो, सायंकाळचा गट उशिरा भरतो आणि व्यायाम निम्म्यावर आणतो. वयात तहान कमी लागते, म्हणून तहान लागायची वाट बघायची नाही. बीपीसाठी लघवी जास्त होणारी गोळी चालू असेल तर उन्हाळ्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यायचं. ज्यांना हृदयासाठी किंवा किडनीसाठी पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांनी तर विचारल्याशिवाय काही बदलायचं नाही.

बागेतल्या यंत्रांबद्दल लोक मला फार विचारतात. बसून पायाने ढकलायचं लेग प्रेस बहुतेकांना चालतं. छातीचं आणि खांद्याचं यंत्रही सावकाश करायला हरकत नाही. एअर वॉकरवर चढता-उतरताना दोन्ही पट्ट्या झुलतात, तोल कच्चा असलेल्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये. आणि उभं राहून कंबर गरागरा फिरवायचं ते ट्विस्टर, हाडं ठिसूळ झालेल्या बाईला मी त्यावर उभीच राहू देत नाही. पाठीच्या मणक्याला झटक्याचा पीळ बसणं तिला परवडणारं नाही. ही यंत्रं तरुणांना डोळ्यांसमोर ठेवून बसवलेली असतात. त्या पैशांत एक लांब कठडा, पाठ आणि हात असलेले चार-सहा बाक आणि दोन उंचीच्या रुंद पायऱ्या एवढं केलं असतं, तर म्हाताऱ्यांचा व्यायाम त्यात बसला असता. बाक गुडघ्याच्या उंचीचा हवा. आपल्याकडे तो एवढा ठेंगणा असतो, की बसलं की उठवायला दुसरं माणूस लागतं. चकरेत थोड्या-थोड्या अंतरावर बाक असेल तर ज्याला दम लागतो तो माणूससुद्धा यायची हिंमत करतो.

आता खेड्याचं. माझी नोकरी खेड्यांत गेली, त्यामुळे शहरातल्या बागेचं बोलून थांबणं मला पटत नाही. बीड जिल्ह्यातून आणि आमच्या बाजूच्याही गावांतून दसरा-दिवाळीला ऊसतोडीचे ट्रॅक्टर निघतात आणि गावात मागे राहतात म्हातारी माणसं आणि नातवंडं. त्या आजी-आजोबांना 'व्यायाम करा' म्हणणं मला जड जातं. त्यांच्या अंगाला कष्ट कमी नसतात. पण कष्ट एकाच तऱ्हेचे असतात, वाकून, ओझ्याचे. पाठ धरलेली असते, खांदा वर जात नाही, आणि पडल्यावर उचलायला घरात मोठं माणूस नसतं. त्यांना बाग लागत नाही. पिंपळाचा पार आहे, मारुतीच्या देवळाचा सभामंडप आहे, शाळेचं मैदान आहे. हरिपाठाला माणसं जमतातच. हरिपाठाच्या आधी पंधरा मिनिटं खांबाला धरून टाचा वर-खाली, खांदे फिरवणं, पायरीवरून उठणं-बसणं, हे गावातली आशाताई किंवा शाळेतले गुरुजी सहज करून घेऊ शकतात. एका गावात मी शिकवून आले, तिथे भजनी मंडळाने ते आपल्यात मिसळून घेतलं. मृदंगवाले आजोबा ठेका धरतात आणि त्यावर उठबशा चालतात. माझ्या शिट्टीपेक्षा तो ठेका कितीतरी चांगला.

शहरातल्या वस्त्यांमध्ये जागा नाही अशी सबब सांगतात, तेव्हा मी लेआउटचा नकाशा बघा म्हणते. महाराष्ट्रात ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर लेआउट पाडताना १० टक्के जागा खुली ठेवावी लागते. नकाशावर ती असते. प्रत्यक्षात तिथे काटेरी झुडपं, बांधकामाची रेती नाहीतर उभ्या गाड्या असतात. नगरातल्या चार ज्येष्ठांनी नकाशाची प्रत काढून ती जागा दाखवली, तर बोलणं तरी सुरू होतं. आमची बाग तशीच झाली. ज्येष्ठ नागरिक संघ असेल तर उत्तम, नसेल तर भजनी मंडळ, बचत गट, कोणीही चालेल. अर्ज दहा सह्यांचा असला की त्याला वजन येतं, आणि त्यात बायकांच्या सह्या निम्म्या तरी असाव्यात. म्हणजे शौचालयाचा मुद्दा कोणी गाळत नाही.

कठड्याचं काम आम्ही वर्गणीतून केलं. वेल्डिंगवाला भाऊ आमच्याच नगरातला, त्याची आई फेरात असते. त्याने पाइप जाड घेतला, हाताला गोल लागेल असा, आणि आईला उभं करून तिच्या कंबरेच्या उंचीने ठोकला. उन्हात लोखंड तापतं, म्हणून त्यावर सुतळी गुंडाळायची सूचना एका मावशीची. शौचालयाचं बांधकामही आता झालंय, टाकीत पाणी येतंय. दिवसभर उघडं ठेवलं तर घाण होतं, कुलूप लावलं तर गरजेच्या वेळी उघडत नाही. किल्ली बागेसमोरच्या चहावाल्याकडे ठेवावी असं पुरुषांचं म्हणणं. बायकांना चहावाल्याकडे किल्ली मागायची नाही. फेरातल्या सहा जणींनी सहा किल्ल्या बनवून आपापल्याकडे ठेवायच्या आणि सफाईचे पैसे सगळ्यांनी मिळून द्यायचे, असं शुक्रवारी ठरलंय.